आमदारांच्या ऑफिसात फोन तुमच्याकडे आलाय? चिडलेले, रडणारे, धमकावणारे कॉल कसे घ्यायचे

आमदारांच्या जनसंपर्क कार्यालयात एमएसडब्ल्यूची, पॉलिटिकल सायन्सची, लॉची पोरंपोरी इंटर्नशिपला येतात तेव्हा त्यांच्या डोक्यात अधिवेशन, लक्षवेधी, तारांकित प्रश्न असं सगळं असतं, आणि पहिल्याच आठवड्यात पीए त्यांच्यासमोर ऑफिसचा मोबाईल ठेवतात आणि म्हणतात, हा सांभाळ. बऱ्याच जणांना ते काम कमीपणाचं वाटतं. मला उलट वाटतं, मतदारसंघ खरा कळायचा असेल तर त्या फोनवरच कळतो. मी बरीच वर्षं हे काम करतोय, नवीन लोकांना शेजारी बसवून शिकवतोय पण, आणि दर वेळी तेच तेच सांगावं लागतं म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय. उदाहरणं ग्रामीण आणि निमशहरी भागातली जास्त आहेत, मोठ्या शहरात ऑफिसं वेगळी असतात पण बोलायची पद्धत तीच.

आधी हे समजून घ्या की फोन करणारा कुठे कुठे जाऊन आलाय

आपल्याकडे माणूस आमदाराला फोन करतो तो सगळं करून थकल्यावर. आधी तलाठ्याकडे जातो, तलाठी म्हणतो मंडळ अधिकाऱ्यांकडे जा, तिथून तहसीलला, तहसीलला कळतं साहेब मिटिंगला गेलेत, सेतूवाला म्हणतो सर्व्हर डाऊन आहे, यात मजुरी बुडते, एसटीचं भाडं जातं, आणि मग कुणीतरी कार्यकर्ता नंबर देतो की ऑफिसला फोन लाव. म्हणजे तो फोन तुमच्यापर्यंत येतो तोवर त्या माणसाचा अपमान दोन-चार ठिकाणी झालेला असतो. आणि तुम्ही म्हणजे फोन उचलणारा पहिला माणूस. त्यामुळे "मतं मागायला बरोबर येता, आता कुठे गेले तुमचे साहेब" हे वाक्य तुम्हाला पहिल्याच दिवशी ऐकायला मिळणार. ते तुम्हाला उद्देशून नाहीये. मनाला लावून घेऊ नका आणि उलट उत्तर तर अजिबात देऊ नका, "आम्ही काय करणार, ते तहसीलदारांचं काम आहे" हे पण उलट उत्तरच आहे, फक्त सौम्य आवाजातलं.

दुसरी गोष्ट, कुठलं काम कुणाचं हे लोकांना माहीत नसतं आणि तो त्यांचा दोष नाही. गटार तुंबली, स्ट्रीटलाईट बंद, कचरागाडी आली नाही, हे नगरपालिकेचं किंवा महापालिकेचं काम. पण मधली कित्येक वर्षं राज्यातल्या बहुतेक महापालिका-नगरपालिकांवर प्रशासक बसलेले होते, नगरसेवकच नव्हते, मग लोकांना सगळं आमदारालाच सांगायची सवय लागली. ती सवय लगेच जाणार नाही. रेल्वेचं, पासपोर्टचं, राष्ट्रीय महामार्गाचं काम खासदारांच्या ऑफिसकडे जास्त नीट होतं. "आमच्याकडे येत नाही" म्हणून फोन ठेवायचा नाही, कुणाकडे येतं ते सांगायचं, नंबर द्यायचा, आणि तिथे कोणतं वाक्य बोलायचं ते पण सांगायचं.

फोन हातात घ्यायच्या आधीची तयारी

एक जाड रजिस्टर घ्या. एक्सेल नंतर करा, फोन चालू असताना टाईप करताना अर्धं सुटतं. रकाने एवढे पुरतात: तारीख-वेळ, नाव, गाव किंवा वॉर्ड, मोबाईल, काम काय, आधी कुठे गेले होते, आपण काय सांगितलं, परत फोन कधी करायचा, झालं का. शेवटचे दोन रकाने सगळ्यात महत्त्वाचे आणि नवीन लोक नेमके तेच रिकामे सोडतात.

मग नंबरांची यादी. ऑफिसात जुनी यादी असतेच पण त्यातले निम्मे अधिकारी बदली होऊन गेलेले असतात. पहिल्या दोन दिवसात बसून ती नवीन करा: प्रांत, तहसीलदार, निवासी नायब तहसीलदार, पुरवठा निरीक्षक, संजय गांधी योजनेचा कारकून, गटविकास अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी, तालुका कृषी अधिकारी, महावितरणचे उपकार्यकारी अभियंता आणि प्रत्येक शाखेचे अभियंते, पोलीस ठाणे, ग्रामीण रुग्णालय, बालविकास प्रकल्प अधिकारी. अधिकाऱ्यापेक्षा त्या टेबलाच्या क्लार्कचं नाव माहीत असणं जास्त कामाला येतं, हे अनुभवाने सांगतोय.

आणि हे नंबर पाठ पाहिजेत, शोधत बसायचे नाहीत: पोलीस ११२, अँब्युलन्स १०८, महिला हेल्पलाईन १८१, लहान मुलांसाठी १०९८, ज्येष्ठांसाठी १४५६७, ऑनलाईन पैशाची फसवणूक १९३०, मोफत कायदेशीर मदत १५१००, मानसिक आधारासाठी टेलिमानस १४४१६, महावितरण १९१२, जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७. कुणी म्हणालं घरात पाणी शिरलंय किंवा अॅक्सिडेंट झालाय, तर आधी नंबर द्या किंवा स्वतः दुसऱ्या फोनवरून लावा, नाव-गाव नंतर.

पीएंना पहिल्याच दिवशी तीन प्रश्न विचारून ठेवा. कुठल्या फोनसाठी साहेबांना किंवा ताईंना मिटिंगमधून उठवायचं? रात्री फोन कुणाकडे जातो? आणि शिफारस पत्र कुणाच्या सहीने, कधी निघतं? याची उत्तरं माहीत नसतील तर तुम्ही फोनवर अंदाजे काहीतरी बोलणार आणि ते अंगाशी येणार.

पहिलं मिनिट

फोन उचलला की ऑफिसचं नाव, आपलं नाव, "बोला". एवढंच. "कोण बोलतंय? कुठून बोलताय? काय काम आहे?" अशी सरबत्ती लावली की समोरचा अजून चिडतो. आधी त्याला बोलू द्या. चिडलेला माणूस मधे कुणी तोडलं नाही तर एक-दोन मिनिटांत थोडा रिकामा होतो, पण तोडलं तर परत पहिल्यापासून सुरू करतो आणि आवाज अजून वाढतो. तो बोलत असताना नुसते गप्प बसू नका, "हं", "बरं", "कधीपासून?" असं चालू ठेवा, नाहीतर त्याला वाटतं फोन बाजूला ठेवून दिलाय (आणि काही ऑफिसात तसं करतात पण, म्हणूनच लोकांना तसं वाटतं).

मग म्हणायचं, "थांबा, मी लिहून घेतो, नाव सांगा." लिहून घेतो हे शब्द ऐकले की बहुतेक लोकांचा सूर खाली येतो. मग गाव, मग काम, मग "आधी कुठे गेला होतात, तिथे काय म्हणाले?" या शेवटच्या प्रश्नात निम्मं उत्तर असतं. सगळं झालं की वाचून दाखवा: "म्हणजे काका, तुमच्या वस्तीवरची डीपी सोमवारी जळाली, वायरमनला दोनदा सांगितलं, तो म्हणाला ऑइल नाही, आणि आता पिकाला पाणी नाही, बरोबर?" माणसाला आपलं म्हणणं बरोबर पोचलंय हे कळलं की अर्धी भांडणं तिथेच मिटतात.

हाक काय मारायची? आवाजावरून वय कळतं. काका, मावशी, ताई, दादा, आबा, जे तुमच्या भागात चालतं ते. "सर-मॅडम" शहरात ठीक आहे, खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसाला सर म्हटलं की त्याला ते बँकेच्या कॉल सेंटरसारखं वाटतं. आणि कुणीही कितीही अरेतुरे करू दे, आपण अहो-जाहोच.

एक पूर्ण कॉल बघू

सध्या सगळ्यात जास्त फोन कशाचे असतील तर लाडकी बहीण योजनेचे. २०२४ च्या जुलैपासून सुरू झालेली योजना, महिन्याला १५०० रुपये, वय २१ ते ६५, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत. कागदावर सोपं आहे. आता फोन असा येतो:

"आवो आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायांचे पैसे आले, माझेच कसे बंद केले? आम्ही काय तुम्हाला मतं दिली न्हाईत का?"

इथे "मावशी, तसं काही नसतं" म्हणून वाद घालू नका. विचारा:

"मावशी, शेवटचा हप्ता कधी आला होता आणि कुठल्या बँकेत?"

"जिल्हा बँकेत यायचा. दिवाळीपस्तोर आला."

"मधे दुसरं कुठलं खातं काढलं का? पोस्टात, बचत गटासाठी, कुठेही?"

"न्हाई बा. … हां, पोस्टाच्या बाई आल्या होत्या घरी, अंगठा घेतला होता."

इथे थांबा. योजनेचे पैसे डीबीटीने येतात, म्हणजे अर्जात खातं कुठलंही लिहिलं असलं तरी पैसे जातात ते आधार ज्या खात्याला डीबीटीसाठी जोडलंय त्या खात्यात, आणि नवीन खातं काढताना बरेचदा आधार तिकडे वळवलं जातं. त्या बाईंचे पैसे बंद झालेले नसतात, पोस्टाच्या खात्यात पडून असतात आणि त्यांना पत्ता नसतो. मग सांगायचं, "मावशी, आधार कार्ड घेऊन उद्या पोस्टात जा आणि बॅलन्स बघायला सांगा. पैसे तिथे असतील तर तुमचेच आहेत. तिथे नसतील तर मला परत फोन करा, मग ई-केवायसी झालीय का ते बघू, आणि तरी सापडलं नाही तर अंगणवाडीच्या सेविका ताईंकडून बालविकास प्रकल्प कार्यालयात तुमचा अर्ज कुठे अडकलाय ते काढू. मी गुरुवारी तुम्हाला फोन करतो."

बघा, यात साहेबांचं नाव नाही, "होऊन जाईल" नाही, पण बाईंना उद्या काय करायचं ते कळलं. प्रत्येक कॉल असाच संपला पाहिजे, एक पुढची पायरी आणि एक वार. कधी कधी उत्तर वाईट असतं, म्हणजे घरात चारचाकी आहे किंवा उत्पन्न जास्त आहे म्हणून नाव पडताळणीत गेलंय. ते पण स्पष्ट सांगा. "बघतो, करतो" म्हणून चार महिने झुलवत ठेवलेली बाई पाचव्या महिन्यात जास्त चिडते, आणि तिचं चिडणं बरोबरच असतं.

एक कडक नियम: फोनवर कुणाचा ओटीपी विचारायचा नाही, पूर्ण आधार नंबर विचारायचा नाही, खात्याचा फोटो स्वतःच्या पर्सनल व्हॉट्सअॅपवर मागवायचा नाही. योजनांच्या नावाने फसवणारे फोन लोकांना येत असतात, त्यामुळे आपल्या ऑफिसने तशी माहिती मागायची सवयच लावू नये. उलट प्रत्येक कॉलला सांगा की ऑफिसमधून कुणी ओटीपी मागितला तर देऊ नका.

हॉस्पिटलचा फोन

हे फोन बहुतेक रात्री येतात. पेशंट आयसीयूत, हॉस्पिटल डिपॉझिट मागतंय, नातेवाईक रडतोय आणि त्याचं एकच म्हणणं, "साहेबांना एक फोन करायला सांगा." त्या माणसाच्या डोक्यात साहेबांचा फोन म्हणजे बिल माफ. तसं होत नाही, पण करण्यासारखं खूप असतं आणि ते सगळं लवकर करावं लागतं, म्हणून हा भाग नीट वाचा.

लिहून घ्या: पेशंटचं नाव, वय, हॉस्पिटलचं नाव आणि गाव, कधी अॅडमिट केलं, आजार काय सांगितलाय, हॉस्पिटलमध्ये आत्ता कोण आहे आणि त्याचा नंबर. मग विचारा, तिथे आरोग्यमित्र भेटले का? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ज्या हॉस्पिटलमध्ये चालते तिथे आरोग्यमित्र बसतात, त्यांच्याकडे रेशनकार्ड आणि आधार घेऊन जायचं. योजनेत वर्षाला कुटुंबाला ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात पण यादीतल्या आजारांनाच, त्यामुळे "सगळं फुकट होईल" असं बोलू नका. ते हॉस्पिटल योजनेत आहे का हे १५५३८८ वर कळतं. नातेवाईकाला त्या अवस्थेत फोन लावायला सांगण्यापेक्षा तुम्हीच लावा.

हॉस्पिटल ट्रस्टचं असेल तर धर्मादायचा विषय येतो. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो आणि हॉस्पिटलमधल्या समाजसेवा विभागात अर्ज करायचा असतो. लोकांना हे माहीतच नसतं, आणि काउंटरवर स्वतःहून कुणी सांगेलच असं नाही. इथे मात्र ऑफिसच्या फोनचा खरा उपयोग होतो, कारण आमदारांच्या ऑफिसातून विचारणा झाली की खाटा शिल्लक आहेत की नाहीत याचं उत्तर जरा सरळ मिळतं.

तिसरा रस्ता मुख्यमंत्री सहाय्यता निधी. त्याला डॉक्टरांच्या सहीचं खर्चाचं अंदाजपत्रक, उत्पन्नाचा दाखला, आधार, रेशनकार्ड, रिपोर्ट असे कागद लागतात आणि ते हॉस्पिटल निधीच्या यादीत आहे का तेही बघावं लागतं. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हे सगळं उपचार चालू असताना करायचं. डिस्चार्ज झाल्यावर, घरी आल्यावर, सोनं मोडून बिल भरल्यावर लोक फाईल घेऊन येतात तेव्हा फार वाईट वाटतं, कारण तेव्हा हातात जवळजवळ काही उरलेलं नसतं. म्हणून पहिल्याच फोनवर "आजच अंदाजपत्रक मागून घ्या" हे सांगा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः फोन करून कागद कुठवर आले ते विचारा. पेशंटची तब्येत आधी विचारा, मग कागद.

जे आपण करू शकत नाही ते कसं सांगायचं

"पोराला पोलिसांनी उचललंय, ठाण्यात फोन लावा." "केस चालू आहे, जजसाहेबांना सांगा." "जावयाची बदली करा." "पोरगं ग्रॅज्युएट आहे, कुठेतरी चिकटवा."

कोर्टातल्या केसबद्दल ऑफिस काहीही करत नाही, हे एका वाक्यात आणि ठामपणे. पोलिसांच्या फोनमध्ये मात्र नुसतं "नाही" म्हणून सोडू नका, आई-बाप घाबरलेले असतात आणि त्यांना माहितीची गरज असते. कुठल्या ठाण्यात नेलंय, कशासाठी, अटक दाखवलीय की चौकशीला बोलावलंय ते विचारा. अटक केली असेल तर प्रवास सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे हजर करावं लागतं, वकील भेटू शकतो, वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, नंबर १५१००. हे एवढं शांतपणे सांगितलं तरी आईचा श्वास जागेवर येतो. आणि कुणाची तक्रारच घेत नसतील तर लेखी अर्ज पोलीस अधीक्षकांकडे, शहरात उपायुक्तांकडे, पोस्टाने सुद्धा पाठवता येतो, हे सांगा. ठाण्यात फोन करायचा की नाही हा निर्णय तुमचा नाही, तो पीएंकडे द्या. इंटर्नने स्वतःच्या मनाने ठाण्यात फोन करून "साहेबांच्या ऑफिसातून बोलतोय" म्हणणं, हे कधीच करायचं नाही.

नोकरीच्या फोनमध्ये खोटी आशा देणं हे मला सगळ्यात वाईट वाटतं. त्या आशेवर पोरगं परीक्षेचा अभ्यास सोडतं, आणि मधे कुणी दलाल घुसला तर बाप जमीन विकतो. स्पष्ट सांगा की भरती परीक्षेने होते, ऑफिस नाव लावत नाही, आणि कुणी आमच्या नावाने पैसे मागितले तर आधी आम्हाला फोन करा. मग जे खरंच देता येतं ते द्या, रोजगार मेळाव्याची तारीख, महामंडळाच्या कर्ज योजनेची माहिती, एमआयडीसीतल्या अप्रेंटिसशिपच्या जाहिराती.

दाखले, फेरफार अशा कामात लोक "जरा फोन करून लवकर करून द्या" म्हणतात. त्यांना २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा सांगा. अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली आहे, मुदतीत काम झालं नाही तर त्याच खात्यात पहिलं अपील, मग दुसरं अपील, मग सेवा हक्क आयोग. अर्जाची पावती जपून ठेवा हे दहा वेळा सांगा. आमच्याकडे फोन आला की मी आधी पावतीची तारीख विचारतो, मुदत उलटून गेली असेल तर तहसीलला बोलताना आपला आवाज आपोआप सरळ होतो, कारण मग विनंती राहत नाही.

अतिवृष्टीच्या अनुदानाचे फोन पावसाळ्यानंतर एकदम येतात. तिथे विचारायचं, पंचनामा झाला का, यादीत नाव आहे का, व्हीके नंबर (म्हणजे यादीतला विशिष्ट क्रमांक) मिळाला का, त्यावर ई-केवायसी केली का. या चारपैकी कुठे अडलंय ते कळलं की कुणाला फोन करायचा ते कळतं. तलाठ्यांचं पद आता ग्राम महसूल अधिकारी झालंय पण फोनवर तलाठीच म्हणा, नाहीतर समोरच्याला कळणार नाही.

शिव्या, घाण बोलणं, धमक्या

राग वेगळा आणि घाण वेगळी. "तुमचे साहेब चोर आहेत" हा राग आहे, ऐकून घ्या. आईबहिणीवरून शिव्या सुरू झाल्या तर एकदाच शांतपणे सांगायचं, "दादा, तुमचं काम मला करायचंय, पण असं बोललात तर फोन ठेवावा लागेल." दुसऱ्यांदा झालं की ठेवायचा आणि रजिस्टरमध्ये वेळेसकट नोंद करायची. तोच माणूस तासाभराने नीट बोलायला फोन करतो बरेचदा, तेव्हा मागचं काढू नका, काम लिहून घ्या.

मुलींना वेगळं सांगतो. मुलीचा आवाज ऐकून मुद्दाम परत परत फोन करणारे, कामाचं काही न बोलता "तुमचं नाव काय, कुठे राहता" विचारणारे असतात. पूर्ण नाव सांगायची गरज नाही, ऑफिसातून बोलतेय एवढं पुरे. पर्सनल नंबर कुणालाही द्यायचा नाही, "ताई फक्त तुम्हीच नीट बोलता" म्हणणाऱ्याला पण नाही. अशा फोनला एकदाही इशारा द्यायची गरज नाही, सरळ कट करा आणि पीएंना सांगा, आणि पीए म्हणाले "चालतंय गं, राजकारणात असंच असतं" तर ते चालवून घेऊ नका. ऑफिसने तो नंबर ब्लॉक करणं, गरज पडली तर पोलिसात तक्रार देणं हे ऑफिसचं काम आहे, ते मागून घ्या.

"ऑफिस जाळून टाकीन", "बघून घेतो" अशी धमकी आली की वाद घालायचा नाही, शब्द जसेच्या तसे लिहायचे, नंबर आणि वेळ लिहायची, लगेच वर सांगायचं.

कुणी म्हणालं, आता जगून उपयोग नाही

असे फोन येतात. कर्जाचे असतात, घरच्या छळाचे असतात, जमिनीच्या वादाचे असतात. "तहसील ऑफिससमोर पेटवून घेतो" असं कुणी म्हटलं तर ती नुसती धमकी समजू नका. फोन ठेवायचा नाही, होल्डवर टाकायचा नाही. नाव विचारा, आत्ता कुठे आहात विचारा, शेजारी कोण आहे विचारा. "असं बोलू नका" म्हणण्यापेक्षा "काय झालं ते मला सगळं सांगा, मी ऐकतोय" म्हणा. तुम्ही बोलत असताना शेजारच्याला खुणावून ११२ लावायला सांगा आणि गावातल्या जवळच्या माणसाला, सरपंच, पोलीस पाटील, नात्यातलं कुणी, तिकडे पाठवायला सांगा. टेलिमानसचा १४४१६ नंबर द्या, तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत, पण नंबर देऊन मोकळं व्हायचं नाही, कुणीतरी त्याच्याजवळ पोचेपर्यंत लाईनवर राहायचं. नंतर संध्याकाळी परत फोन करायचा.

असा कॉल झाल्यावर लगेच पुढचा फोन उचलू नका. फोन दुसऱ्याकडे द्या, बाहेर जाऊन पाणी प्या, कुणाशी तरी बोला.

प्रत्येक कॉल रेकॉर्ड होतोय असं धरूनच बोला

आपल्याकडे ऑडिओ क्लिप व्हायरल व्हायला अर्धा तास लागतो. काही लोक मुद्दाम फोन करतात: "आरक्षणावर साहेबांची भूमिका काय?", "अमक्या नेत्याबद्दल काय म्हणणं आहे?", किंवा गावातल्या दोन गटांच्या भांडणात तुमच्या तोंडून एकाचं नाव काढून घेतात. तुमचं स्वतःचं मत कितीही पक्कं असू दे, ते तिथे बोलायचं नाही. "साहेबांनी जे जाहीर बोललंय तेच त्यांचं मत, तुमचं म्हणणं मी लिहून त्यांच्यापर्यंत पोचवतो." आणि खरंच पोचवा. पत्रकाराचा फोन असेल तर नाव, पेपर, विषय लिहून पीएंकडे. गोड बोलून "ऑफ द रेकॉर्ड सांगा" म्हणाले तरी तेच उत्तर.

साहेब कुठे आहेत हे पण सांभाळून. "मुंबईला आहेत" म्हणालात आणि त्याच संध्याकाळी ते गावात लग्नाला दिसले की तुम्ही आणि ऑफिस दोघंही खोटे ठरता. माहीत नसेल तर "माझ्याकडे आजचं वेळापत्रक नाही, तुमचा निरोप देतो" म्हणा. अधिवेशनाच्या काळात, विशेषतः डिसेंबरात नागपूरला सगळे जातात तेव्हा, ऑफिसात तुम्ही एकटेच असाल, तेव्हा कोण कधी परत येणार हे आधीच विचारून ठेवा. आणि आचारसंहिता लागली की नवीन कामाचा, निधीचा एक शब्द फोनवर काढायचा नाही, "रस्ता मंजूर करून देतो" वगैरे तर नाहीच.

परत फोन करणं

गुरुवारी फोन करतो म्हणालात तर गुरुवारी करा. काम झालं नसेल तरी करा. "काका, अभियंत्यांशी बोललो, ट्रान्सफॉर्मर अजून मिळालेला नाही, सोमवारी परत विचारून तुम्हाला सांगतो." माणसाला काम न झाल्याचा राग येतोच, पण त्याहून जास्त राग कुणी विचारलंच नाही याचा येतो. मी असे लोक बघितलेत की ज्यांचं काम आमच्याकडून झालं नाही, तरी ते रस्त्यात थांबून बोलतात, कारण फोन आला होता.

रोज संध्याकाळी अर्धा तास फक्त या परतीच्या फोनसाठी ठेवा. आणि शनिवारी रजिस्टर चाळा. एकाच गावातून डीपीच्या पाच तक्रारी, एकाच रेशन दुकानाच्या तीन, एकाच पोस्टातून लाडक्या बहिणींचे सारखे फोन, असं काही दिसलं की ते वेगळ्या कागदावर काढून पीएंना द्या. एकट्या माणसाच्या तक्रारीला अधिकारी "बघतो" म्हणतात, पण तारखा आणि गावांसकट यादी समोर ठेवली की आढावा बैठकीत उत्तर द्यावं लागतं, आणि मोठा विषय असेल तर त्यातूनच अधिवेशनातला प्रश्न तयार होतो. तुम्हाला ज्याची आवड होती ते काम हेच, फक्त ते फोनपासून सुरू होतं.

इंटर्नशिप संपायच्या आधीच्या आठवड्यात, ज्यांचं काम अर्धवट आहे त्या सगळ्यांना एकेक फोन करा, सांगा की मी आता नसणार, तुमचं काम अमुक जण बघतील, त्यांचा नंबर लिहून घ्या. आणि नवीन येणाऱ्याला शेजारी बसवून रजिस्टरचं प्रत्येक उघडं पान समजावून सांगा, कोण लवकर चिडतं, कुणाला ऐकू कमी येतं, कुणाचा फोन शेजाऱ्याकडे आहे आणि दुपारी दोननंतरच लागतो, हे सगळं पेन्सिलने बाजूला लिहून ठेवा.